बेलारूसच्या एका तालुक्यात स्थळाची चौकशी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील आमचे समस्त आप्तेष्ट, सोयरे, भाऊबंद आणि कारण नसताना फोन करणारे हितचिंतक यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमची भाची मधुरा जिथे नांदायला जायचं म्हणते तो तालुका खरोखरच पृथ्वीवर आहे. मी स्वतः त्यावर उभा राहून आलो आहे. तो बर्फाखाली गाडला गेलेला नाही. तिथे अस्वलं रस्त्याने फिरत नाहीत. तिथली माणसं कच्चं मांस खात नाहीत. ही घोषणा कराडात, विट्यात आणि खास करून आमच्या धाकट्या चुलत्यांच्या ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवावी.

तालुक्याचं नाव मात्र सांगणार नाही. लग्नाचा मामला आहे, आणि आमच्या नातलगांना पत्ता मिळाला की ते पोचतात.

मी कराडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. युरोपचा नकाशा फळ्यावर काढताना पोलंड आणि रशिया यांच्यामध्ये एक वाकडातिकडा बटाटा काढायचा, आत 'बेलारूस' लिहायचं आणि पुढे सरकायचं, ही माझी पद्धत. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. पण आयुष्यात आला. माझ्या थोरल्या बहिणीची, शालनआक्काची एकुलती एक लेक मधुरा डॉक्टरकी शिकायला त्या बटाट्यात गेली, तिथेच पुढचं शिक्षण घेऊ लागली, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, माझ्याबरोबर शिकलेला एक मुलगा आहे. पावेल. त्याच्या गावाकडच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे."

आक्काचं सासर विट्याच्या पूर्वेला. दाजींची सोनं-चांदी गाळण्याची भट्टी तमिळनाडूत, सेलमला. आमच्याकडे या धंद्याला गलाई म्हणतात, आणि त्यापायी खानापूर-आटपाडीकडची निम्मी घरं देशभर पांगली आहेत. दाजी म्हणाले, "भट्टी सोडून मला येता येत न्हाई. शालन म्हणंल ते." मधुरा म्हणाली, "आई नाही म्हणाली तर मी करणार नाही." म्हणजे सगळं ओझं आक्काच्या मानेवर. ती हलेल तसं पोरीचं आयुष्य हलणार.

आक्का म्हणाली, "घर बगितल्याबिगर मी व्हय म्हणायची न्हाई. बापू, मामा हायस न्हवं तू? चल."

मे महिन्याची सुट्टी होती. मी निघालो.

सपाट

मिन्स्कच्या विमानतळावर मधुरा आणि पावेल घ्यायला आले होते. पावेल उंच, काटक, लाजला की कान लाल होणारा. मधुराने त्याच्याकडून मराठीतलं एकच वाक्य पाठ करून घेतलं होतं. ते त्याने हात जोडून एका दमात म्हटलं, "नमस्कार आई, प्रवास कसा झाला?"

आता आक्काला असा प्रश्न कुणी विचारू नये. विमानातला भात कसा कच्चा होता, शेजारचा बाबा कसा घोरत होता, पायाला कशा मुंग्या आल्या, हे सगळं तिने सामान गाडीत चढेपर्यंत सांगितलं. पोरगं एक अक्षर कळत नसताना मान हलवत ऐकत राहिलं. माझ्या मते लग्न तिथेच ठरायला हवं होतं. दाजींनी आजवर आक्काचं एवढं एका वेळी ऐकलेलं नाही.

गाडी उत्तरेला निघाली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पाइन आणि बर्च, मग शेतं, मग पुन्हा पाइन आणि बर्च. बर्च म्हणजे चुना मारलेल्या खोडाचं झाड समजा, फक्त चुना झाडाने स्वतःच मारलेला. बऱ्याच वेळाने आक्काने विचारलं, "बापू, डोंगर कवा लागायचा रं?"

"लागायचाच न्हाई, आक्का."

"आन् घाट?"

"न्हाई."

मी तिला हिमनद्यांचा धडा सांगितला. पूर्वी इथे बर्फाचा प्रचंड थर होता, तो सरकत गेला, जमीन घासली गेली, खळगे पडले, त्यांत पाणी साठून तळी झाली. वर्गात या धड्याला मुलं झोपतात. आक्काने नीट ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे देवानं रंदा मारलाय." पुढच्या वर्षी मी हेच वाक्य सांगणार आहे.

पहिलं तळं दिसलं तेव्हा तिने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून पाण्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला. टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी तिच्या सासरी उन्हाळाभर टँकरची वाट बघायची रीत होती. त्या तळ्यापलीकडे दुसरं तळं, त्यापलीकडे तिसरं. काठावर कुणी नाही. ती वळून म्हणाली, "एवढं पाणी, आन् प्यायला माणूस न्हाई!"

पावेलने विचारलं, काय म्हणाल्या? मधुराने सांगितलं. मग गाडी चालवता चालवता त्याने आपल्या तालुक्याची माहिती द्यायला घेतली. तालुक्याला तिकडे रायोन म्हणतात. मध्ये एक गाव, तिथे हॉस्पिटल, कचेरी, बाजार. बाकी जंगल, तळी, दलदल आणि तीळ सांडावेत तशा वाड्या. पोरं शिकायला शहरात जातात आणि तिकडेच राहतात. काही वाड्यांत दोन-तीन घरं उरली, काहींत तेवढीही नाहीत. त्याने उजवीकडे बोट दाखवलं. मोकळ्या गवतात सफरचंदाची चार झाडं फुलून पांढरी झाली होती.

"तिथे गाव होतं," मधुराने सांगितलं. "जंगलात सफरचंद दिसलं की समजायचं, इथे कुणाचं तरी अंगण होतं."

मला ते फार सुंदर वाटलं. आक्काकडे बघितलं तर तिच्या कपाळावर आठी. ती आठी पुढे कितीतरी दिवस हलली नाही.

वालेंतीनाच्या घरी

पावेलची आई वालेंतीना त्या मधल्या गावातल्या दुग्धशाळेत कामाला, राहायला मात्र जवळच्या एका वाडीवर. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. घर लाकडी, निळं, खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या आणि नक्षीच्या. विजेच्या खांबावर गाडीच्या चाकाएवढं घरटं, त्यात एक करकोचा उभा. आमच्याकडे खांबावर कुणी चढलं असलं तर तो आकडा टाकणारा असतो.

वालेंतीना दारात उभी होती. आडव्या बांध्याची, फुलाफुलांचा रुमाल डोक्याला. हातात भरतकामाचं वस्त्र, त्यावर गोल पाव आणि पावावर छोट्या वाटीत मीठ. तिकडची रीत अशी की पाहुण्याने पावाचा तुकडा मोडून मिठाला लावून खायचा. मधुरा मागे डिकीतून बॅगा काढत होती, म्हणून हे सांगायला कुणी नव्हतं.

आक्काने मीठ बघितलं. दारात बाई मीठ घेऊन उभी आहे म्हटल्यावर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच. तिने मूठभर मीठ उचललं, आधी पावेलवरून उतरवलं, मग वालेंतीनावरून, मग तडक घरात शिरली आणि भिंतीएवढ्या मोठ्या चुलीत टाकून दिलं. मीठ तडतडलं. आक्का समाधानाने म्हणाली, "लय दिस्ट लागलीती पोराला."

वालेंतीना रिकामी वाटी धरून तशीच उभी. मधुरा धावत आली, कपाळाला हात लावून तिने दोन्ही बाजूंना दोन्ही रीती समजावल्या. त्यावर वालेंतीना काय म्हणाली असेल? म्हणाली, "गायींवरून पण काढता येतं का? एक दूध कमी देते आहे."

संध्याकाळी आक्काने गोठ्यात जाऊन तेही केलं. दूध वाढलं की नाही ते मी विचारलं नाही. चमत्कारांची चौकशी करू नये.

जेवणाबद्दल मी त्या घराचा जन्मभर ऋणी आहे. बटाटा किसून तव्यावर टाकलेली धिरडी, त्यांवर घट्ट आंबूस साय. बिटाचं गार, गुलाबी सार, ज्याचा रंग बघून मला वाटलं होतं की हे अंगाला लावायचं असेल. काळा, आंबूस पाव. जंगलातल्या वाळवलेल्या अळंब्या. बर्चच्या खोडातून काढून बरणीत ठेवलेलं पाणी, जे चवीला नीरेच्या लांबच्या बहिणीसारखं लागतं. डुकराची खारवलेली चरबी आली तेव्हा आक्काने खुर्ची अर्धा हात मागे घेतली. मी दोघांच्या वाटणीची खाल्ली. घराण्याची इभ्रत राखायला कुणीतरी पुढे व्हावं लागतं.

आक्काने पिशवीतून कांदा-लसणाची चटणी काढली. वालेंतीनाने ती जॅम लावावा तशी पावावर थापली. आम्ही तिघं एकदम ओरडलो, पण घास गेला होता. तिचा चेहरा बिटाच्या साराच्या पुढे गेला. ती तांब्याभर दूध प्यायली, तिने डोळे पुसले, आणि पाव पुन्हा पुढे केला.

"घट हाय बाई," आक्का माझ्या कानात म्हणाली. पण आठी तशीच.

दुसऱ्या दिवशी बटाट्याची लावण होती. आक्काने पातळाचा काष्टा मारला आणि सरीवर उतरली. बेणं किती अंतरावर टाकायचं यावरून दोन्ही आयांचं कडाक्याचं भांडण झालं, एकीचं मराठीत, दुसरीचं तिकडच्या बोलीत. मधुराने भाषांतर करायला साफ नकार दिला. शेवटी निम्म्या सऱ्या सांगली पद्धतीने लागल्या. संध्याकाळी दोघी अंगणातल्या लाकडी न्हाणीघरात गेल्या. तिथे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ करतात आणि बर्चच्या पाल्याच्या जुडीने एकमेकींना झोडपतात. मी बाहेर बाकावर होतो. आतून आधी आक्काची किंकाळी आली, मग "आगं आगं आगं!", मग बराच वेळ शांतता, आणि मग आक्काचा आवाज, "जरा कमरंवर मार की."

या सगळ्यात एक अपघात माझ्याही वाट्याला आला. तळ्याकाठचं हिरवं गवत बघून मी त्यावर पाय ठेवला. ते गवत नव्हतं, दलदलीचं झाकण होतं. जमीन दह्याच्या कवडीसारखी थरथरली आणि माझा डावा बूट कायमचा बेलारूसचा झाला. वालेंतीनाने पडवीतून रबरी बुटांचा जोड आणून दिला. बरोबर माझ्या मापाचा. पुढचे सगळे दिवस मी त्यातच फिरलो.

न्हाऊन आल्यावर आक्का पायरीवर केस वाळवत बसली. तिकडे मे महिन्यात सूर्य मावळायला तयारच होत नाही. मी म्हटलं, "काय गं, पोरगं चांगलं, आई चांगली, आता काय राहिलं?"

"शेजार," ती म्हणाली. "बापू, सेलमला पयल्यांदा गेले तवा मी लेकराएवढी. भाषा येत न्हवती. हे दिसभर भट्टीवर. ताप आला तर पानी द्यायला कोन न्हवतं. मी भिताडासंगं बोलायची रं. खरंच बोलायची. आन् तितं निदान रस्त्यानं मान्सं तरी जात व्हती. हितं?"

समोरच्या रस्त्याने खरंच कुणी जात नव्हतं. करकोचा तेवढा चोच वाजवत होता.

"उद्या चौकशी करून ये," ती म्हणाली. "आपल्याकडं करतात तशी. शेजारपाजारी इचार. ही मान्सं कशी हायत, हिला कोन हाय हितं, समदं इचार. पोरीला न्यायचं न्हाई, पोराला न्यायचं न्हाई."

चौकशी

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे स्थळ बघताना त्या घरात जे दिसतं त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. घर त्या दिवशी सारवलेलं असतं. खरी माहिती मिळते ती घराबाहेर: गिरणीत, न्हाव्याकडे, पारावर. मामाने सहज आल्यासारखं जायचं, तंबाखू मळायची, आणि "त्ये पलीकडचं घर कुणाचं वो?" असं सुरू करायचं. मी या कामात तरबेज आहे. आजवर दोन लग्नं मोडली आहेत आणि त्याबद्दल दोन्हीकडचे लोक मला दुवा देतात.

सकाळी रबरी बूट चढवून, भाषांतर करणारा फोन खिशात घालून मी निघालो. वाडीला एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरं. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्याच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, अंगणात लायलॅकची जांभळी फुलं कुणासाठी कोण जाणे फुललेली. चौथं घर म्हणजे शाळा. तीही बंद. मास्तर असल्यामुळे मी काचेला नाक लावलं. बाकं एकावर एक रचलेली. आक्काच्या सासरच्या शाळेतही असंच होत आलं आहे. पोरं आईबापांबरोबर सेलमला, कोइमतूरला, नाही तर आणखी लांब. शाळा बंद पडली की कशी दिसते हे बघायला मला इतक्या दूर यायची गरज नव्हती.

न्हावी नाही. गिरणी नाही. पार नाही. एक कुत्रं भेटलं, त्याने माझी चौकशी केली आणि निघून गेलं.

तेवढ्यात एक मालमोटार भोंगा वाजवत आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. हे फिरतं दुकान. ज्या वाड्यांत दुकान चालवण्याइतकी माणसं उरली नाहीत तिथे ते ठरलेल्या वारी जातं. मागचं दार उघडलं, आत पाव, साखर, साबण, सगळं मांडलेलं. आणि कुठून कुठून म्हातारबाया बाहेर पडल्या. रुमाल बांधलेल्या, पिशव्या घेतलेल्या, मोटारीपर्यंत पोचायच्या आतच एकमेकींवर ओरडणाऱ्या. मी मनात म्हटलं, सापडला पार!

मी रांगेत उभा राहिलो. सहज आल्यासारखं दाखवणं जरा अवघड होतं, कारण मैलोगणती परिसरात माझ्या रंगाचा मीच. फोनमध्ये हळूच म्हणालो, "त्या निळ्या घरातली माणसं कशी आहेत?" फोनने ते खणखणीत आवाजात साऱ्या रांगेला ऐकवलं.

रांग वळली. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या आणि फोन गांगरून बंद पडल्यासारखा झाला. शेवटी मारिया नावाच्या बाईने, जी त्यांतली सगळ्यात लहानखुरी आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची होती, बाकीच्यांना गप्प केलं आणि फोन माझ्या हातातून काढून स्वतःच्या तोंडापुढे धरला.

"वालेंतीना? हट्टी बाई," फोन म्हणाला. "तिने माझ्या दाराची कडी तोडली. अजून नीट बसवलेली नाही."

मला आनंद झाला. चौकशीत दोष सापडल्याशिवाय चौकशी झाल्यासारखी वाटत नाही. "का तोडली?"

मारियाने मला दंडाला धरून वळवलं आणि घरांच्या छपरांकडे बोट दाखवलं. मग जे सांगितलं ते असं. हिवाळ्यात इथे बर्फ दारापर्यंत येतो. कुणी कुणाकडे सहज जाऊ शकत नाही. म्हणून सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे बाहेर येऊन बाकीच्या घरांची धुराडी बघायची. धूर निघाला म्हणजे माणूस उठलं. एका सकाळी मारियाच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. वालेंतीना कमरेएवढ्या बर्फातून आली, हाका मारल्या, आणि पहारीने दाराची कडी उखडली. मारिया आत जमिनीवर पडली होती, पाय मोडून. वालेंतीनाने तिला घसरगाडीवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत ओढत नेलं.

"पण कडी तिने अजून बसवलेली नाही," मारिया पुन्हा म्हणाली. "हे लिहून घ्या."

मग उलटतपासणी सुरू झाली. तुम्ही मुलीचे कोण? मामा. मामा म्हणजे काय करतो? मी सांगितलं, मामा लग्नात मुलीला धरून मांडवात आणतो. बायांना ते पसंत पडलं. एकीने मला मध दिला, दुसरीने खारवलेल्या काकड्यांची बरणी, तिसरीने मोज्यांचा जोड, कारण तिच्या मते माझे पाय गारठत असावेत. दुकानदाराने मोटार सुरू केली तेव्हा मी दोन्ही हात भरून उभा होतो. तिकडे आभार मानायला 'द्झाकुय' म्हणतात. मी ते इतक्या वेळा म्हटलं की शेवटी त्या मला थांब म्हणाल्या.

घरी येऊन मी आक्काला अहवाल दिला. कथेत रंगत असावी म्हणून आधी फक्त "तिनं शेजारणीच्या दाराची कडी तोडली" एवढंच सांगून पाणी प्यायलो. आक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग पुढचं सांगितलं.

ऐकून तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, जिंकलो.

"लय मोट्या मनाची बाई हाय," ती म्हणाली. "पर बापू, त्या समद्या म्हाताऱ्या. आनि धा वर्सांनी कुनाच्या घरातनं धूर निगायचा? माजी पोरगी कुनाचं धुराडं बगायची, आन् हिचं कोन बगायचं?"

मी भूगोलाचा मास्तर. लोकसंख्या घटण्याची कारणं मला मुद्देसूद सांगता येतात. पण मी काकड्यांच्या बरणीचं झाकण उघडत बसलो. दाराआड मधुरा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती परसात गेली, आणि तिच्यामागे पावेल गेला.

रादुनित्सा

परतीच्या आदल्या दिवशी मंगळवार होता, आणि त्यांचा रादुनित्साचा सण. ईस्टरनंतर येतो. आपली पितरं तशी त्यांची रादुनित्सा, फरक एवढाच की ते जेवण घेऊन थडग्यांपाशीच जातात. सगळ्या देशाला सुट्टी.

सकाळी मला गाड्यांच्या आवाजाने जाग आली. खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर रांग! मिन्स्कहून, वित्सेब्स्कहून, कुठून कुठून गाड्या येत होत्या. कुलूप लावलेल्या घरांची कुलपं निघत होती. फळ्या ठोकलेल्या घराच्या अंगणात पोरं लायलॅक तोडत होती. मी आक्काला हाक मारली. ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "आगं बया, हितं बी जत्रा भरती व्हय?"

तिला ते लगेच कळलं. तिच्या सासरीही वर्षभर कुलपं असतात आणि जत्रेला सगळे गलाईवाले परततात.

दफनभूमी पाइनच्या राईत, गावाबाहेरच्या उंचवट्यावर. प्रत्येक थडग्याला रंगीत कुंपण, शेजारी छोटं बाक. लोक थडग्यांवर वस्त्र अंथरून रंगवलेली अंडी, पाव, मिठाई मांडत होते. गंभीर चेहऱ्याने येत आणि पाच मिनिटांत गप्पांत रंगत. वालेंतीना मात्र बादली आणि दंताळं घेऊन फिरत होती. ज्यांची माणसं येऊ शकली नव्हती त्यांच्या थडग्यांवरचा पाला ओढायची, एक अंडं ठेवायची, पुढे जायची. थोड्या वेळाने बघतो तर तिची बादली आक्काच्या हातात.

आणि मधुरा? तिच्याभोवती गर्दी. मारियाने बाही वर सारून हात पुढे केला होता. एका थडग्याच्या बाकावर बसून आमची पोरगी एकेकीचा रक्तदाब बघत होती. शहरातून आलेल्या लेकी-सुना तिला आपल्या आयांच्या गोळ्यांचं विचारत होत्या, तिचा नंबर घेत होत्या, गालाचे मुके घेत होत्या. एक बाई, आईला बरं नसलं तर शेजाऱ्यांना बोलवायला दाराशी बांधायच्या घंटेबद्दल काही तरी ठरवत होती. आक्का बादली खाली ठेवून ते बघत राहिली. सगळी मधुराला नावाने हाक मारत होती.

मग आम्ही पावेलच्या वडलांच्या थडग्यापाशी जमलो. दगडावर त्यांचा फोटो कोरलेला, पावेलसारखेच कान. मी खाली बघितलं आणि मला एकदम उमगलं की मी कुणाचे बूट घालून उभा आहे. मी मनातल्या मनात त्यांना द्झाकुय म्हटलं.

वालेंतीनाने वस्त्र अंथरलं, सगळं मांडलं आणि आमच्याकडे बघितलं. आता पाहुण्यांनी खायला सुरुवात करायची.

पण ताट मांडल्यावर आम्ही काय करतो? मी आणि आक्का चार पावलं मागे सरकलो, हात जोडले आणि वर झाडांकडे बघू लागलो.

पाहुणे खात नाहीत म्हणून यजमान खाईनात. पावेलचे काका ग्लास हातात धरून थांबले. शेजारच्या थडग्यावरची माणसंही थांबली. सगळे आमच्याबरोबर वर बघू लागले. राईत कावळे होते, राखाडी पाठीचे, चांगले धष्टपुष्ट. त्यांतला एक खाली उतरला, दोन थडग्यांपलीकडची मिठाई उचलली आणि उडून गेला.

"काय शोधताय?" वालेंतीनाने हळूच विचारलं.

मधुराने सांगितलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने ठेवलेल्या घासाला कावळा शिवावा लागतो. नाही शिवला तर समजायचं, त्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय. मग घरातल्या कुणी तरी पुढे होऊन त्याला शब्द द्यायचा, की तुमची काळजी आता आमच्याकडे. आणि कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी जेवायचं नाही.

काका हसले. वालेंतीना हसली नाही. तिने रुमाल नीट केला, पुढे झाली आणि दगडावर हात ठेवून नवऱ्याशी बोलू लागली. हळू आवाजात, बराच वेळ. मध्ये एकदा पावेलचं नाव आलं, मग मधुराचं, मग पुन्हा मधुराचं. मी मधुराकडे बघितलं. ती भाषांतर करण्याच्या स्थितीत नव्हती. आक्कानेही मागितलं नाही.

बोलून झाल्यावर वालेंतीना आमच्याजवळ येऊन उभी राहिली. पहाटेपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आधी गायी, मग स्वयंपाक, मग सगळ्यांची थडगी. तिने आमच्यासारखेच हात जोडले आणि मान वर करून वाट बघू लागली. तिच्याकडे बघून काकांनी ग्लास खाली ठेवला. मारियाने काठी टेकवून मान वर केली. साऱ्या राईत माणसं गप्प उभी राहून कावळ्याची वाट बघत होती. कावळे वरून आमच्याकडे बघत होते आणि जागचे हलत नव्हते. वालेंतीनाने एक हात सोडून कुंपण धरलं, पण ती बाकाकडे वळेना.

आक्काने एकदा झाडाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग जोडलेले हात सोडले, तिचा दंड धरला आणि सगळ्या राईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कावळा कवा यायचा तवा यील! आवं विहीणबाई, तुमी बसा बगू आदी, दोन घास खावा!"